चार्ल्स किंग्जली : जड जिभेचा पाळक

पुण्याच्या नैऋत्येस वारजे म्हणून गाव आहे. ते आता शहरातच सामावले आहे. तेथील एका घरगुती प्रार्थनासभेत आम्ही एका तरुणास शास्त्रपाठ वाचावयास सांगितले. पहिल्याच ओळीत त्याची जीभ अडली. मागे बसलेली मुले हसली, एका वडील माणसाने त्याचा अडलेला शब्द आपणच पुरा केला, आणि तो तरुण पुस्तक मिटून खाली बसला. पुढे कित्येक आठवडे तो सभेस आलाच नाही. घरच्यांनी वेखंड उगाळून चाटविले होते, रागेही भरले होते. गुण आला नव्हता. उपदेशक व्हावे अशी त्याची फार इच्छा होती, हे आम्हांस मागाहून कळले. त्याच्यासाठी व त्याच्यासारख्या इतरांसाठी आम्ही आज एका पाळकाचे चरित्र सांगत आहो.

चार्ल्स किंग्जली ह्यांचा जन्म इंग्लंडातील डेव्हन परगण्यात ता. १२ जून १८१९ रोजी झाला. त्यांचे वडील पाळक होते. चार वर्षांचे असता हे बाळ खुर्च्या मांडून, त्यांसच मंडळी समजून उपदेश करी, व आई तो गुपचूप लिहून ठेवी. परंतु लहानपणीच त्यांस तोतरेपणा जडला. केंब्रिज येथील विद्याभ्यास संपवून १८४२ साली ते हॅम्पशायर परगण्यातील एव्हर्स्ली नामक खेड्यात सहायक पाळक झाले, आणि १८४४ साली त्याच मंडळीचे मुख्य पाळक झाले. ज्याचे काम बोलण्याचे, त्याचीच जीभ अडावी, ही अडचण थोडी नव्हे.

त्या काळी ह्या व्यंगावर विलक्षण उपाय चालत. १८४१ साली बर्लिन शहरी डीफेनबाख नामक शस्त्रवैद्याने तोतऱ्या लोकांच्या जिभेचा भाग कापून पाहिला. त्यात पुष्कळ हाल झाले, लाभ झाला नाही. किंग्जली साहेब जेम्स हंट नामक शिक्षकाकडे गेले. श्वास कसा घ्यावा, ओठ व जीभ सावकाश कशी हालवावी, हे तो शिकवीत असे. त्यामुळे त्यांस पुष्कळ आराम पडला. उपदेशपीठावरून ते जपून व सावकाश बोलत, व तेथे अडखळणे फारसे होत नसे. चारचौघांत बोलताना मात्र ते अखेरपर्यंत अडखळत. तरी त्यांनी चारचौघांत बसणे सोडले नाही. ते मोठे बोलके गृहस्थ होते, आणि त्यांच्याकडे येणारे लोक त्यांच्या अडखळण्यासकट त्यांचे बोलणे आवडीने ऐकत.

१८५९ साली त्यांनी तोतरेपणावर एका मासिकात निबंध लिहिला. त्यावर त्यांनी आपले खरे नाव घातले नव्हते. परंतु असे बोलणाऱ्याचे दुःख वयाबरोबर कसे वाढत जाते, हे त्यांनी स्वतः भोगलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगितले.

आता त्यांची सेवा पाहा. १८४९ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. बर्मंड्सी भागातील गरीब लोक घाणेरड्या ओढ्याचेच पाणी पितात, हे डोळ्यांनी पाहून त्यांनी शुद्ध पाण्यासाठी खटपट केली. एव्हर्स्ली येथे घटसर्प आला तेव्हा ते औषधाच्या बाटल्या घेऊन झोपडी झोपडी फिरले, व बायकामुलांस गुळण्या करावयास शिकविले. धुराडी झाडणाऱ्या लहान पोरांची दैना त्यांनी १८६३ साली एका बालकथेत मांडली. पुढल्याच वर्षी त्या पोरांच्या रक्षणासाठी कायदा झाला. १८५१ साली लंडनातील एका देवळात त्यांनी मजुरांविषयी उपदेश केला, तेव्हा तेथील पाळकाने सर्वांदेखत उठून त्यांचा निषेध केला. किंग्जली साहेबांनी उलट उत्तर दिले नाही. आशीर्वाद उच्चारून ते निघून गेले.

त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. जीभ सावकाश चाले, परंतु लेखणी कधी कधी उतावळी होई. १८६४ साली त्यांनी न्यूमन नामक विद्वान रोमन कॅथलिक धर्मगुरूच्या खरेपणावर घाईने आरोप केला, आणि त्या वादात त्यांचीच हार झाली. अडखळणाऱ्या जिभेने त्यांचे जितके नुकसान झाले नाही, तितके न अडखळणाऱ्या लेखणीने एकदा केले.

१८५९ साली ते व्हिक्टोरिया राणीचे चॅपलेन झाले, व १८६० पासून १८६९ पर्यंत केंब्रिज येथे इतिहासाचे अध्यापक होते. एवढा मान मिळूनही त्यांनी आपले खेडे सोडले नाही. ता. २३ जानेवारी १८७५ रोजी ते एव्हर्स्ली येथे मरण पावले. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या मंदिरात जागा मिळत असताही त्यांस त्या खेड्यातच पुरले, आणि त्यांच्या प्रेतयात्रेस भटके लोकसुद्धा आले होते.

वाचकहो, आजच्या ज्ञानाप्रमाणे शंभर प्रौढांत सुमारे एक जण असा अडखळतो. बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात हे सुरू होते, पुष्कळदा घराण्यात चालत येते, व मुलींपेक्षा मुलगे अधिक काळ अडखळत राहतात. हे शापाने होत नाही, की बुद्धी कमी म्हणून होत नाही. पुष्कळ लहान मुलांचे ते आपोआप थांबते. ज्यांचे थांबत नाही त्यांस वाचा-उपचार करणाऱ्यांकडे नेल्याने साहाय्य होते. गाताना, किंवा सर्वांबरोबर एका सुरात वाचताना, बहुतेकांची जीभ अडत नाही. ही गोष्ट उपदेशकांनी ध्यानात ठेवावी.

मोशेनेही आपण जड जिभेचे आहो अशी सबब सांगितली होती. देवाने त्यास सोबतीस अहरोन दिला, परंतु कामातून सोडले नाही. आपल्या मंडळ्यांतही तसेच व्हावे. कोणी अडखळला तर त्याचा शब्द आपण पुरा करू नये, हसू नये, नजर फिरवू नये. त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे. थांबण्यास पैसा लागत नाही.

वारजे येथील त्या तरुणाकडे आम्ही गेलो, आणि मुलांस आम्ही वेळीच गप्प केले नाही ही आपली चूक कबूल केली. मागल्या महिन्यात तो पुन्हा वाचावयास उभा राहिला. अडखळला, सभा थांबली, आणि अध्याय त्यानेच शेवटास नेला.