ज्याँ-मार्तें शार्को : चालण्यावरून आजार ओळखणारा शिक्षक



गेल्या वर्षी पूर्णगडचा किल्ला चढताना माझी मावसबहीण मध्येच खाली बसली. पाय ऐकेनात. पुढे तपासण्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. तिने मला दोनच प्रश्न विचारले. हे माझ्या लेकाला होईल का? आणि माझं चालणं किती वर्षं टिकेल? उत्तर शोधता शोधता मला शार्को भेटले. आज त्यांच्याबद्दल सांगते.

शार्को यांचा जन्म १८२५ साली पॅरिसमध्ये, घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. १८६२ मध्ये ते साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले. ही जागा पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होती. तिथे सुमारे ५,००० गरीब, म्हाताऱ्या, आजारी बायका वर्षानुवर्षं राहत होत्या. इतरांना ती अडगळ वाटायची, शार्कोंना मात्र तो उघडा ग्रंथ वाटला. ते एकाच बाईला वर्षानुवर्षं बघत आणि ती कशी चालते, हात कसा थरथरतो ते टिपून ठेवत. ती वारली की मेंदू आणि मज्जारज्जू तपासत.

त्यांच्या घरी एक थरथरणारी मोलकरीण होती असं सांगतात. तिच्या हातून बश्या फुटायच्या, तरी त्यांनी तिला काढलं नाही. तिचा आजार त्यांनी वेगळाच समजला होता. मृत्यूनंतर तपासल्यावर खरा आजार कळला.

मज्जासंस्थेवरचे कडक डाग आधीच्या डॉक्टरांनीही पाहिले होते. पण १८६८ मध्ये शार्कोंनी ते डाग आणि जिवंत माणसातली लक्षणं यांची नीट सांगड घातली. आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती तेव्हा. वायरवरचं प्लास्टिक जागोजागी सोलावं तसं नसांवरचं आवरण जातं आणि निरोप अडखळतो.

आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचं शिकवणं. फळ्यावर रंगीत खडू, फोटो, पडद्यावर चित्रं. रुग्णांच्या टोपीत लांब पिसं खोवायचे, म्हणजे कोणाची थरथर कशी ते मागच्या बाकावरूनही दिसे! फ्रॉइडसुद्धा त्यांच्याकडे शिकून गेले. हिस्टेरियाचे त्यांचे जाहीर प्रयोग मात्र मला पटत नाहीत.

आनुवंशिकतेत ते अर्धे बरोबर होते. १८८६ मध्ये त्यांनी आणि शिष्य प्येर मारी यांनी पायांचे स्नायू झिजवणारा एक आजार नोंदवला, तो खरंच घराण्यातून उतरतो. पण त्यांनी जवळजवळ सगळेच मज्जाविकार एकाच बिघडलेल्या घराण्याच्या फांद्या मानले. मेंडेलचा वाटाण्यांवरचा लेख १८६६ सालीच छापला गेला होता, पण तेव्हा त्याची दखल कोणी घेतली नव्हती. घराण्यावर असा शिक्का बसला की लेकीबाळींची लग्नं अडतात, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

आजचं ज्ञान वेगळं आहे. अगदी सारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला, तर दुसऱ्याला होतो तो साधारण चारातल्या एकाला. मुलांमध्ये धोका वाढतो, पण बहुतेकांना तो होतच नाही. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात हे प्रमाण लाखाला वीसच्या वर आढळलं, इतर भारतीयांपेक्षा बरंच जास्त. म्हणजे जनुकांचा हात आहे, पण एकट्या जनुकांचा नाही.

आणि वेग? शार्कोंच्या वॉर्डात एक बाई लवकर खिळायची, दुसरी वीस वर्षं चालायची. का, ते त्यांना उलगडलं नाही. २०२३ मध्ये १२,००० हून जास्त रुग्णांच्या अभ्यासात वेगाशी जोडलेली एक जनुकीय जागा सापडली. आई आणि वडील दोघांकडून तो बदल आलेल्यांना काठीची गरज सरासरी ३.७ वर्षं आधी लागली. ही जागा आजार होण्याचा धोका वाढवणाऱ्या जागांहून वेगळी आहे. त्याच अभ्यासात धूम्रपानाचा संबंध वेगाशी आणि जास्त वर्षांच्या शिक्षणाचा संबंध संथपणाशी दिसला. शिक्षक म्हणून हे वाचून मी जरा सुखावलेच!

शार्को १८९३ मध्ये प्रवासात असताना वारले. मावसबहिणीला मी लेकाबद्दलचं उत्तर फोनवर लगेच सांगितलं. दुसऱ्या प्रश्नावर ती सरासरी तिला लागू होईलच असं नाही, एवढंच सांगू शकले. मे महिन्यात ती परत येणार आहे. या वेळी आम्ही किल्ल्याऐवजी खाडीच्या काठाने चालणार आहोत.