डिझेलचं इंजिन शेंगतेलावर चाललं, पण ते तेल भजी तळलेलं नव्हतं

डिझेल हे एका माणसाचं आडनाव. पंपावर रोज हे नाव घेणाऱ्या अनेकांना ते माहीत नसतं. पण गॅरेजवर त्या माणसाची एक गोष्ट मात्र हमखास निघते, की त्यानं आपलं इंजिन शेंगतेलावर चालवलं होतं. मग पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. हॉटेलात तळून उरलेलं तेल स्वस्तात मिळतं, ते गाळून डिझेलमध्ये मिसळलं तर काय बिघडतं? उत्तर त्या माणसाच्या आयुष्यातच आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं तसं कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी जर्मनीतल्या आऊग्सबर्गला, नातेवाइकांकडे झाली. पोरगा हुशार. पुढं म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १८८० मध्ये उत्तम गुणांनी बाहेर पडला.

तिथं शिकताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी लावतं, बाकी सगळं वाया. शिवाय ते इतकं अवजड आणि महाग, की मोठ्या कारखानदारालाच परवडणार. छोट्या कारागिरानं काय करायचं? कारागिराच्या घरात वाढलेल्या डिझेल यांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना.

त्यांचे गुरू कार्ल लिंडे हे कृत्रिम बर्फाच्या तंत्रातले मोठे नाव. त्यांच्याकडे पॅरिसला नोकरी करता करता डिझेल यांनी अमोनियाच्या वाफेवरचं इंजिन करून बघितलं. ते जमलं नाही. मग दुसरी वाट सापडली. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय ते आपोआप पेटावं. १८९३ मध्ये याचं पेटंट मिळालं. आऊग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप कंपनी यांनी पैसा घातला.

ऑगस्ट १८९३ ची पहिली चाचणी म्हणजे स्फोटच. दाब मोजणारं उपकरण फुटलं आणि त्याचे तुकडे उडाले. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं, तेही मिनिटभरच. त्यानंतर तीन वर्षं खपल्यावर, फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रा. मोरित्झ श्रोटर यांच्या देखरेखीखाली रीतसर मोजमाप झालं. इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामी लागली होती! जगभरातून परवाने घ्यायला रांग लागली आणि डिझेल यांच्या हातात लाखो मार्क आले.

इथून पुढचा भाग गॅरेजवर कुणी सांगत नाही. चाचणीत उत्तम चाललेलं इंजिन गिऱ्हाइकाकडे जाऊन रडायला लागलं. १८९८ मध्ये केम्प्टनच्या काडेपेटी कारखान्यात बसवलेल्या इंजिनापाशी दुरुस्तीसाठी माणसं सारखी धावत राहिली. डिझेल यांच्या नावानं आऊग्सबर्गला निघालेल्या कारखान्याची इंजिनं परत यायला लागली आणि थोड्याच काळात तो बंद पडला. या ताणानं डिझेल यांची तब्येत ढासळली, आरोग्यधामात राहावं लागलं. इंजिन एकदा चालणं वेगळं आणि रोज चालणं वेगळं, याची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती.

आता शेंगतेलाकडे येऊ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन मांडलं होतं. फ्रान्सच्या सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या शेंगदाण्याचं इंधन हवं होतं, म्हणून ते शेंगतेलावर चालवलं. ते इतकं सुरळीत चाललं, की फरक फारसा कुणाच्या ध्यानातही आला नाही. पुढं १९१२ च्या सुमारास डिझेल यांनी वनस्पती तेलांना चांगलं भविष्य असल्याचं जाहीरपणे मांडलं.

गोष्ट खरी आहे. पण ते तेल न तळलेलं होतं, आणि इंजिन सावकाश फिरणारं, दणकट. त्यात दाबलेल्या हवेच्या झोतानं इंधन आत फुंकलं जाई. आजच्या गाडीत पंप आणि नोझलमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. वनस्पती तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट. त्याचा बारीक फवारा होत नाही, थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडावर कार्बन धरतो, रिंगा चिकटतात. न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि त्याचा चिकट गोळा होतो. तळलेल्या तेलात तर पाणी, मीठ, पिठाचे कण आणि पुन्हा पुन्हा तापवल्यानं झालेलं आम्लही असतं. गाळलं तरी आम्ल आणि विरघळलेलं पाणी जात नाही. पामतेल असेल तर थंडीतल्या सकाळी टाकीतच थिजतं.

डिझेलमध्ये थोडंच मिसळलं तर घट्टपणा कमी होतो, चिकटण्याचा गुण जात नाही. पहिल्या दिवशी गाडी मस्त चालते, हीच खरी फसगत. लिटरमागे वाचलेले पैसे रोज दिसतात. पंप-नोझलचं काम आणि गेलेली वॉरंटी मात्र हिशोबात एकदमच येते.

याच तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की बायोडिझेल होतं. ते निराळं आणि पातळ इंधन. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलवाल्यांकडे पोचवायची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये सुरू केली आहे. हॉटेलवाल्यांनी तेल द्यायचं ते तिकडे.

डिझेल यांचा शेवट मात्र चटका लावणारा. इंजिन जगभर पोचलं. १९१२ मध्ये सेलांडिया हे जहाज त्यावर कोपनहेगनहून बँकॉकला गेलं. पण मालकाचे पैसे चुकीच्या गुंतवणुकीत बुडाले होते. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत चढले, रात्री जेवून खोलीकडे गेले आणि सकाळी बोटीवर नव्हते. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहाजवळच्या वस्तू मुलानं ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा वाद अजून मिटलेला नाही.

छोट्या माणसाच्या हाती ताकद देण्याचं त्यांचं स्वप्न आपल्या भागानं खरं होताना बघितलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्याच घराण्याच्या, १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची डिझेल इंजिनं विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत धडधडत राहिली. त्या इंजिनांवर अनेकांचे संसार उभे राहिले. शेंगतेलाची गोष्ट सांगायची तर जरूर सांगावी, पण टाकीचं झाकण उघडण्यापूर्वी केम्प्टनचीही आठवण ठेवावी.