मुक्या जिवांची कैवारी

कॅनडा देशातील ऑन्टॅरिओ प्रांतात ह्यूरन सरोवराच्या एका उपसागराकाठी मीफर्ड नावाचे लहानसे गाव आहे. इ. स. १८९० च्या सुमारास त्या गावच्या एका निर्दय माणसाने आपल्या कुत्र्याचे दोन्ही कान आणि शेपूट तोडून टाकली. विल्यम मूर नावाच्या गिरणीवाल्याने त्या मुक्या प्राण्याला सोडवून आपल्या घरी नेले आणि त्याची शुश्रूषा केली. कुत्रा जगला, परंतु जन्माचा विद्रूप झाला. मूर यांच्या घरी या कानतुटक्या कुत्र्याचे नाव होते ‘ब्यूटिफुल जो’, म्हणजे ‘सुंदर जो’.

इ. स. १८९२ मध्ये या घरी दूरच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातून एक पाहुणी आली. मूर यांची कन्या तिच्या भावाची वाग्दत्त वधू होती. त्या निमित्ताने आलेल्या या पाहुणीने जोला पाहिले आणि त्याची हकीकत ऐकली. पाहुणी परत गेली, पण तो कुत्रा तिच्या मनातून हलेना. या पाहुणीचे नाव मार्गारेट मार्शल साँडर्स.

मार्गारेटचा जन्म १३ एप्रिल १८६१ रोजी नोव्हा स्कोशियातील मिल्टन या गावी झाला. तिचे वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. ती सहा वर्षांची असताना हे कुटुंब हॅलिफॅक्स या बंदराच्या शहरी येऊन राहिले. घर विद्येचे आणि प्राण्यांचेही होते. पाळीव जनावरांना तेथे मज्जाव नव्हता. पंधराव्या वर्षी वडिलांनी तिला शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे पाठविले आणि पुढे ती फ्रान्समधील ऑर्लेआं येथे शिकली. घरापासून हजारो मैल दूर, समुद्रापलीकडे राहणाऱ्या मुलीला आपल्या माणसांशी बोलण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे टपाल.

परत आल्यावर तिने काही काळ शिक्षिकेचे काम केले. लेखिका होण्याचा विचार तिच्या मनात नव्हता. तो घातला वडिलांचे स्नेही डॉ. थिओडोर रँड यांनी. मार्गारेटचे पत्रलेखन पाहून त्यांची खात्री झाली की, हिच्या हाती लेखणी शोभेल. हिवाळ्यातील अरण्याची नीरवता, बर्फावर उमटलेली सशांची पावले, अशा विषयांवर तिने लिहावे, असे त्यांनी सुचविले. मार्गारेटने त्यांचा सल्ला निम्माच मानला. ती लिहावयास बसली खरी; पण तिने लिहिली ती एक नवरा, त्याची बायको आणि एक चोर यांची गोष्ट! एका नियतकालिकाने त्या गोष्टीबद्दल तिला ४० डॉलर दिले. इ. स. १८८९ मध्ये तिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही.

याच काळात अमेरिकेतील बोस्टन शहरी जॉर्ज थॉर्नडाइक एंजेल नावाचे एक वकील प्राण्यांच्या कैवाराचे कार्य करीत होते. इ. स. १८६८ मध्ये एका अमानुष शर्यतीत दोन घोड्यांना सुमारे ४० मैल पळवून ठार करण्यात आले. ते वृत्त वाचून एंजेल यांनी आपली वकिली बाजूस सारून प्राणिरक्षणाची संस्था स्थापन केली आणि मुक्या प्राण्यांसाठी एक मासिकही काढले. पहिल्याच अंकाच्या दोन लाख प्रती छापण्यात आल्या आणि त्यांतील कित्येक बोस्टनच्या पोलिसांनी घरोघर नेऊन दिल्या. पुढे हे मासिक देशोदेशींच्या संपादकांकडे टपालाने जाऊ लागले. (मुंबईतही हा विचार रुजू लागला होता. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था तेथे इ. स. १८७४ मध्येच निघाली होती आणि पुढे सर दिनशा पेटिट यांच्या औदार्यामुळे परळ येथे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले.)

एंजेल हे एका पुस्तकाच्या शोधात होते. घोड्याने स्वतःच आपली कर्मकथा सांगावी, असे एखादे पुस्तक मिळाले तर गाडीवानांची मने पालटतील, असे त्यांना वाटे. ते त्यांना इंग्लंडातून मिळाले. अ‍ॅना सुएल नावाच्या एका पंगू स्त्रीने मृत्यूपूर्वी ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी लिहून अवघ्या ४० पौंडांना विकली होती. इ. स. १८७७ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पाच महिन्यांनी लेखिका वारली. एंजेल यांनी इ. स. १८९० मध्ये तिची अमेरिकन आवृत्ती काढली आणि ती घरोघर, तबेल्यातबेल्यांत पोचविली. मग त्यांच्या मनात आले की, घोड्याप्रमाणे इतर घरगुती जनावरांच्या वतीनेही कोणी बोलावे. त्यांच्या संस्थेने २०० डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले.

ही वार्ता हॅलिफॅक्सला पोचली तेव्हा मार्गारेटला मीफर्डचा जो आठवला.

तिने कादंबरी लिहिली ती कुत्र्याच्या तोंडून. जो हा मध्यम बांध्याचा तपकिरी कुत्रा वाचकांना आपली जन्मकथा सांगतो. आपली मालकीण एका घोड्याच्या आत्मचरित्रावर रडते आणि हसते, त्यातील चित्रे आपल्या नाकापुढे धरते, हे तो पाहतो; मग आपणही आपली कथा का सांगू नये, असे त्याला वाटते. त्याला लिहिता येत नाही. म्हणून कोणी स्नेही त्याचे शब्द उतरवून घेतो, अशी योजना आहे. कथेतील दुष्ट मालक हा एक गवळी आहे. त्याचा गोठा गलिच्छ, जनावरे उपाशी. तो जोच्या भावंडांना ठार मारतो. आईही झुरून मरते, तेव्हा संतापलेला जो त्याच्या पायाला चावा घेतो आणि त्याबद्दल आपले कान व शेपूट गमावतो. त्याच्या किंकाळ्या सायकलवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या कानी पडतात आणि जोची सुटका होते. गवळ्याच्या गलिच्छ गोठ्याचे ते वर्णन मुंबईच्या वाचकाला दूरच्या देशातील वाटणार नाही. शहरातील तबेल्यांचा प्रश्न मुंबईतही इतका बिकट झाला होता की, इ. स. १९४९ मध्ये गोरेगावनजीक आरे येथे दुग्धवसाहत वसवून हजारो म्हशी तेथे हलवाव्या लागल्या.

पुढे जो एका धर्मोपदेशकाच्या प्रेमळ कुटुंबात वाढतो. त्या कुटुंबाचा साचा लेखिकेने आपल्या ओळखीच्या माणसांवरून घेतला होता. जोला जपणारी लॉरा ही मुलगी प्रत्यक्ष जीवनातून घेतली आहे आणि जो नावाचा कुत्रा खरोखरीचा आहे, असे प्रस्तावनेतच सांगितले आहे. स्पर्धा अमेरिकेची होती, म्हणून लेखिकेने कथेचे स्थळ मात्र बदलले. मीफर्डचा जो अमेरिकेतील मेन राज्याचा रहिवासी झाला.

स्थळाप्रमाणे आणखी एक गोष्ट बदलली. हस्तलिखितावर ‘मार्गारेट’ हे नाव नव्हते. लेखक म्हणून नाव होते मार्शल साँडर्स, आणि ते वाचून कोणालाही वाटावे की हा कोणी पुरुष असावा. त्या काळी पुष्कळ लेखिकांनी असा आडपडदा घेतला होता. मुक्या कुत्र्याला वाणी देणारी ही बाई स्वतःचे नाव मात्र अर्धेच पुढे करीत होती.

पारितोषिक त्या हस्तलिखिताला मिळाले. इ. स. १८९४ मध्ये फिलाडेल्फिया येथे ‘ब्यूटिफुल जो’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते एंजेल यांनाच अर्पण केलेले आहे. एंजेल यांनी इ. स. १८८२ पासून मुलांची ‘दयामंडळे’ चालविली होती. प्रत्येक मुलाने मुक्या प्राण्यांशी दयेने वागण्याची शपथ घ्यावयाची, असा त्यांचा नियम असे. अशा एका मंडळाच्या सभेचे वर्णन या कादंबरीतच आले आहे. त्यामुळे पुस्तक मुलांना आपलेच वाटले. ते दुकानांतून विकले गेले, रविवारच्या धर्मशाळांतून वाचले गेले, अनेक भाषांत उतरले. दहा लाखांहून अधिक प्रती खपलेले कॅनडातील पहिले पुस्तक म्हणून त्याची गणना होते.

पुढे साँडर्सबाईंनी पुष्कळ लिहिले. तट्टू, कॅनरी पक्षी, माकड यांच्या कथा त्यांनी लिहिल्या. जनावरांबरोबर माणसांच्या मुलांकडेही त्यांचे लक्ष होते. कारखान्यांत राबणारी बालके आणि खेळण्यास मैदान नसलेली शहरी मुले हा त्यांच्या एका कादंबरीचा विषय आहे. परंतु ‘ब्यूटिफुल जो’ची सर यांपैकी एकाही पुस्तकाला आली नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या नावाबरोबर वाचकांना आठवे तो जोच.

इ. स. १९१४ मध्ये बाई टोरॉन्टो येथे आल्या आणि भगिनी ग्रेस हिच्यासह तेथेच राहिल्या. त्यांचे घर म्हणजे एक प्राणिसंग्रहालयच होते. पक्ष्यांसाठी मोठे पिंजरेघर, शिवाय रस्त्यावरून उचलून आणलेली कुत्री. प्राणी ज्या जागी सापडे त्या जागेवरून त्याचे नाव ठेवावयाचे, अशी बाईंची रीत होती. दाराच्या पायरीवरच्या एका कुत्र्याचे नाव ‘जॉनी डोअरस्टेप’ असे पडले. एका कबुतराचे नाव तर चक्क घरक्रमांक व रस्ता मिळून झाले होते. पत्त्यावर टपाल यावे तसे ते जीव या घरी येत. चित्रे पडद्यावर दाखवून बाई आपल्या प्राण्यांविषयी ठिकठिकाणी व्याख्याने देत.

इ. स. १९३४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सी. बी. ई. हा किताब दिला. १५ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाची शहाऐंशी वर्षे पूर्ण होण्यास दोन महिने उरले असताना, टोरॉन्टो येथे त्यांचे निधन झाले.

मीफर्ड गावी बिगहेड नदीच्या काठी एक बाग आहे. तिला ‘ब्यूटिफुल जो’चे नाव दिलेले असून, कान आणि शेपूट गमावलेल्या त्या कुत्र्याचे स्मारक तेथे उभारलेले आहे.