टपाल तिकिटाचे जनक : सर रोलँड हिल

पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात डकवलेल्या कागदाच्या इवल्याशा तुकड्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. मात्र मागे डिंक आणि पुढे चित्र असलेल्या या तुकड्याने एकोणिसाव्या शतकात सामान्य माणसाच्या जीवनात जेवढी उलथापालथ केली, तेवढी फार थोड्या यंत्रांनी केली असेल. घर सोडून दूर गेलेल्या मुलाची खुशाली कळणे ही तोवर श्रीमंतांची चैन होती. या तिकिटामुळे ती गरिबाच्याही आवाक्यात आली. हा बदल ज्यांच्या चिकाटीने घडून आला ते सर रोलँड हिल टपालखात्याचे नोकर नव्हते, की राजकारणी नव्हते. ते एका शाळामास्तराचे चिरंजीव आणि स्वतःही शाळामास्तरच होते.

इंग्लंडमधील किडरमिन्स्टर या गावी ३ डिसेंबर १७९५ रोजी रोलँड यांचा जन्म झाला. वडील थॉमस राइट हिल हे विज्ञानाची आवड असलेले, उदार मताचे, परंतु व्यवहारात फारसे यश न मिळालेले गृहस्थ होते. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. पोस्टमनने दार ठोठावले की आईच्या पोटात गोळा उठे, कारण त्या काळी पत्राचे हशील पाठवणारा नव्हे, तर घेणारा भरत असे. एकदा आलेल्या पत्रांचे पैसे भागवण्यासाठी लहानग्या रोलँडला जुन्या कपड्यांच्या चिंध्या विकायला पाठवावे लागले आणि त्या विक्रीतून तीन शिलिंग उभे राहिले. ही आठवण त्यांच्या मनात जन्मभर राहिली.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते वडिलांच्याच शाळेत शिकवू लागले. पुढे १८१९ मध्ये बर्मिंगहॅमजवळ एजबॅस्टन येथे हेझलवुड ही नवी शाळा उभी राहिली. तिच्या रचनेत रोलँड यांचा मोठा वाटा होता. छडी हेच शिक्षणाचे मुख्य साधन मानले जाण्याच्या त्या काळात या शाळेत शारीरिक शिक्षा नव्हती. मुलांनी निवडलेली समिती नियम करी आणि मुलांचेच न्यायालय तंटे सोडवी. शाळेत ग्रंथालय होते, छापखाना होता आणि मुले आपले मासिक स्वतः छापीत. घंटेच्या ठोक्यावर चालणारी तिथली शिस्त पाहायला परदेशांतूनही लोक येत. कोणतेही काम पाहिले की ते कमी श्रमात व कमी वेळात कसे होईल याचा हिशेब मांडायचा, ही रोलँड यांची वृत्ती याच शाळेत घडली. मॅथ्यू, एडविन, आर्थर आणि फ्रेडरिक या भावांचे परस्परांशी सख्य असे होते, की कोणताही महत्त्वाचा बेत सर्वांच्या विचाराने ठरे आणि अडचणीच्या वेळी सामाईक निधी उपयोगी पडे. १८२७ मध्ये शाळेची शाखा लंडनजवळच्या टॉटनहॅम येथे ब्रूस कॅसल या वास्तूत आली. त्याच वर्षी कॅरोलिन पिअर्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

शिकवण्याचा ताण असह्य झाल्यावर हिल यांनी शाळेचा भार भावांवर सोपवला. दक्षिण ऑस्ट्रेलियात वसाहत स्थापण्यासाठी नेमलेल्या मंडळाचे ते चिटणीस झाले. यंत्रांचा नाद मात्र सुटला नव्हता. १८३५ मध्ये त्यांनी एका मुद्रणयंत्राचे पेटंट घेतले. सुट्ट्या तावांऐवजी कागदाची लांबलचक गुंडाळी फिरत्या नळकांड्यांवरून नेऊन सलग छपाई करणारे हे यंत्र वृत्तपत्रांना वरदान ठरले असते. परंतु त्या वेळी वृत्तपत्रांवर कर होता आणि प्रत्येक तावावर सरकारी शिक्का आधीच उमटवून घ्यावा लागे. गुंडाळी फिरत असतानाच यंत्राने शिक्का मारण्याची मुभा मिळावी, अशी विनंती हिल यांनी केली. कोषागाराने ती नाकारली आणि यंत्र तिथेच अडले. गुंडाळीवर छापणारी यंत्रे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत यायला आणखी सुमारे ३० वर्षे गेली. नवे साधन लोखंडाच्या दोषाने क्वचितच अडते, बहुधा ते नियमाच्या अक्षरात अडकते, हा धडा हिल यांना या अपयशाने दिला.

यानंतर त्यांचे लक्ष टपालाकडे वळले. संसदेत टपालखात्याच्या कारभारावर सातत्याने टीका करणारे रॉबर्ट वॉलेस यांनी त्यांना सरकारी अहवालांचा मोठा गठ्ठा पाठवला. हिल यांनी त्यातील आकडे चाळून काढले. त्या काळी हशील अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरे. लंडनहून एडिंबरोला एका कागदाचे पत्र पाठवले तर एक शिलिंगाहून अधिक आकार पडे, दोन कागद असले की तो दुप्पट होई. पत्र पाकिटात घातले तर पाकीटही दुसरा कागद म्हणून मोजले जाई. आत किती कागद आहेत हे पाहण्यासाठी कारकून पत्र दिव्यासमोर धरीत, मग त्यावर आकार लिहीत, वहीत नोंद करीत. पोस्टमन दारोदार थांबून पैसे वसूल करी. संसद सदस्यांची पत्रे मात्र फुकट जात. लोकांनीही यावर तोड काढली होती. पत्राच्या बाहेरच्या बाजूवर ठरलेली खूण करायची, घेणाऱ्याने ती पाहून खुशाली जाणायची आणि पैसे न देता पत्र परत करायचे. एका गरीब बाईने भावाचे असे कोरे पत्र परत केल्याची गोष्ट हिल यांच्या नावावर सांगितली जाते. वास्तविक तो अनुभव कवी कोलरिज यांचा होता.

हिल यांनी मूळ प्रश्न विचारला तो खर्चाचा. लंडनहून एडिंबरोपर्यंत टपालगाडी नेण्यास सुमारे पाच पौंड लागतात. हा खर्च गाडीतल्या पत्रांवर विभागला तर एका पत्राच्या वाट्याला एका पेनीचा ३६ वा हिस्सा येतो. म्हणजे खर्च अंतराचा नसून तपासण्याचा, लिहिण्याचा, हिशेबाचा आणि वसुलीचा आहे. म्हणून देशात कोठेही जाणाऱ्या अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एकच पेनी घ्यावी, ती वजनावर ठरावी आणि आगाऊ भरावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८३७ च्या आरंभी त्यांनी टपालसुधारणेवरील पुस्तिकेत ही योजना मांडली. आगाऊ पैसे भरल्याची खूण म्हणून छापील पाकीट सुचवलेच, शिवाय शिक्का मावेल एवढ्या, मागे डिंक लावलेल्या कागदी तुकड्याचीही सूचना त्यांनी त्याच वर्षी केली. आरंभी या तुकड्याला तिकीट न म्हणता लेबलच म्हटले जाई. डंडी येथील जेम्स चामर्स यांनी ही कल्पना आधी काढल्याचा दावा त्यांच्या मुलाने पुढे केला आणि तो वाद बरीच वर्षे रंगला. परंतु चिकट तुकडा ही योजनेची एक कडी होती. संपूर्ण साखळी हिल यांचीच.

टपालखात्याने ही योजना वेडगळ ठरवली. खात्याचे प्रमुख लॉर्ड लिचफील्ड आणि चिटणीस कर्नल मेबर्ली या दोघांनाही ती बुडीत खात्याची वाट दिसत होती. व्यापारी मात्र हिल यांच्या मागे उभे राहिले. हेन्री कोल यांनी प्रचाराची धुरा घेतली. वॉलेस यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने साक्षी घेतल्या आणि १८३९ मध्ये संसदेकडे दोन हजारांहून अधिक अर्ज आले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला कायदा झाला आणि योजना राबवण्यासाठी हिल यांची कोषागारात नेमणूक झाली. १० जानेवारी १८४० पासून सर्वत्र एक पेनी दर लागू झाला. संसद सदस्यांची फुकट पत्रेही त्याच दिवशी बंद झाली.

पैसे भरल्याची खूण कशी असावी यासाठी सरकारने सूचना मागवल्या होत्या. त्या अडीच हजारांहून अधिक आल्या. अखेर १ मे १८४० रोजी विक्रीस आलेले व ६ मेपासून ग्राह्य झालेले काळे तिकीट हे जगातील पहिले टपाल तिकीट ठरले. त्यावर राणी व्हिक्टोरियाचे मुख होते, देशाचे नाव नव्हते. एका तावावर २४० तिकिटे होती. पौंडाचे पेन्स २४०, म्हणून एक ताव म्हणजे बरोबर एक पौंड. बनावट करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तावातील प्रत्येक तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यांत अक्षरांची वेगळी जोडी छापलेली असे. चित्रकार मलरेडी यांनी सजवलेल्या पाकिटांची मात्र लोकांनी इतकी थट्टा केली, की ती मागे घ्यावी लागली. तिकिटावरील लाल शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरता येते असे आढळले, तेव्हा हिल यांनी शायांचे अनेक प्रयोग करवले. १८४१ मध्ये तिकीट तांबडे आणि शिक्का काळा झाला.

एका तुकड्याने कारकुनाची लेखणी आणि पोस्टमनची वसुली थांबवली, तेव्हा पुढच्या कामांना यंत्रे जोडणे शक्य झाले. पाकिटाला दुप्पट आकार उरला नव्हता, त्यामुळे त्यांची मागणी वाढली. बंधू एडविन हे तिकीटछपाईचे नियंत्रक होते. त्यांनी वॉरन द ला रू यांच्यासह पाकिटे दुमडण्याचे यंत्र तयार करून १८४५ मध्ये पेटंट घेतले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हे यंत्र तासाला अडीच हजारांहून अधिक पाकिटे दुमडताना लोकांनी कुतूहलाने पाहिले. पहिली तिकिटे कात्रीने कापावी लागत. हेन्री आर्चर यांनी त्यांच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्र सुचवले. १८५३ मध्ये संसदेने त्यांना ४,००० पौंड दिले आणि पुढच्या वर्षापासून छिद्रित तिकिटे रूढ झाली. हिल यांचे चिरंजीव पिअर्सन यांनी पत्रांवर शिक्के मारण्याचे यंत्र योजले व १८५७ मध्ये लंडनच्या टपालकचेरीत त्याची चाचणी झाली. दारांना पत्रे टाकण्याच्या फटी, रस्त्यांवरील टपालपेट्या, लंडन शहराचे दहा टपाल विभाग ही सारी एकाच हिशेबाची पुढची पावले होती.

योजना यशस्वी झाली, तरी हिल यांचा एक अंदाज चुकला. पत्रांची संख्या पाचपट झाली की उत्पन्न भरून येईल असे त्यांनी मांडले होते. १८३९ मध्ये सुमारे साडेसात कोटी असलेली पत्रे १८४० मध्ये सुमारे १७ कोटी झाली, परंतु पाचपटीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. निव्वळ उत्पन्न सुमारे १६ लाख पौंडांवरून पहिल्याच वर्षी ५ लाखांवर आले आणि पूर्वपदावर यायला २० वर्षांहून अधिक अवधी गेला. विरोधकांच्या हाती आयते शस्त्र मिळाले. सरकार बदलले आणि १८४२ मध्ये हिल यांना कामावरून दूर करण्यात आले. सुधारणा अर्धीच झाली आहे, ती पुरी करू द्या, ही त्यांची विनवणी व्यर्थ गेली. लंडन-ब्रायटन रेल्वेचे संचालक व पुढे अध्यक्ष म्हणून त्यांनी जलद गाड्या आणि सवलतीच्या सहलगाड्या सुरू केल्या. सरकारने दूर केलेल्या या माणसाला जनतेने १८४६ मध्ये १३,००० पौंडांची थैली अर्पण केली.

त्याच वर्षी ते टपालखात्यात परतले. परंतु मेबर्ली जागेवर होतेच, त्यामुळे आठ वर्षे एका खात्याला दोन चिटणीस राहिले. १८५४ मध्ये सर्व सूत्रे हिल यांच्या हाती आली. १८४८ मध्ये सुरू झालेली छापील पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा याच काळातील. त्यांचा स्वभाव मात्र सोपा नव्हता. आपल्या योजनेत दुसऱ्याने केलेला बदल त्यांना सहन होत नसे. कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हे त्याच खात्यात अधिकारी होते आणि दोघांचे कधी जमले नाही. तरीही रस्त्यावरची पहिली टपालपेटी १८५२ मध्ये ट्रॉलप यांच्याच शिफारशीने चॅनेल बेटांवर उभी राहिली. १८६० मध्ये हिल यांना सर हा किताब मिळाला. प्रकृती ढासळल्याने १८६४ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा वर्षाकाठी जाणाऱ्या पत्रांची संख्या ६० कोटींच्या वर गेली होती. २७ ऑगस्ट १८७९ रोजी हॅम्पस्टेड येथे त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांना चिरविश्रांती मिळाली.

हिल कधी हिंदुस्थानात आले नाहीत, त्यांची योजना मात्र लवकर आली. मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंधमध्ये आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी १८५२ मध्ये सिंध डाकेची तिकिटे काढली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा दर ठरला. निजामाच्या हैदराबादने १८६९ मध्ये, पोर्तुगीज अमलाखालील गोव्याने १८७१ मध्ये, ग्वाल्हेरने १८८५ मध्ये आणि होळकरांच्या इंदूरने १८८६ मध्ये आपापली तिकिटे काढली.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या स्वस्त टपालाचे मोल विशेष होते. माहेरचे पत्र असो, पुण्यामुंबईची नियतकालिके असोत की ग्रंथालयाने मागवलेले पुस्तकांचे पार्सल असो, सारे याच वाटेने येत राहिले. भाषेचा धागा शेकडो मैलांवर अतूट राहिला, त्याला या अर्ध्या आण्याच्या दराचा मोठा आधार होता. अंतराला किंमत नसते, ती माणसांनी उभ्या केलेल्या अडथळ्यांना असते, हे हिल यांनी हिशेबाने सिद्ध केले. चिंध्या विकून पत्र सोडवणाऱ्या मुलाने पुढे कोट्यवधी घरांचे दार पोस्टमनच्या भीतीतून मुक्त केले, हीच त्यांच्या जीवनाची खरी फलश्रुती होय.