तीन मिनिटांतल्या केसरबाई

५ सप्टेंबर १९७७ रोजी ‘व्हॉयेजर-१’ हे अमेरिकी यान अंतराळात झेपावले, तेव्हा सूरश्री केसरबाई केरकर यांच्या आयुष्याचे अवघे अकरा दिवस उरले होते. या यानावर आणि त्याच्या जुळ्या भावंडावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसविण्यात आली होती. तीत पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने होते. बाख आणि बीथोवेन यांच्या रांगेत भारतातून एकच आवाज निवडला गेला, तो केसरबाईंचा. ‘जात कहाँ हो’ ही त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी.

या निवडीमागची हकिकत तिच्याइतकीच विलक्षण आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी या भैरवीची शिफारस केली. पण ध्वनिमुद्रिका बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली होती. बरीच शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. ज्या गायिकेची मैफल ऐकायला मिळणे हा सामान्य रसिकाच्या आवाक्याबाहेरचा योग होता, तिचा सूर असा अडगळीतल्या खोक्यातून निघाला आणि सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेला.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी या गावी, कलावंत समाजात झाला. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. सोळाव्या वर्षी त्या मुंबईत आल्या. पुढे सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही त्यांनी शिक्षण घेतले. गुरू थोर होते, पण तालीम तुकड्यातुकड्यांची होती. एवढ्यावर समाधान मानून गात राहणे त्या काळी अनेकींनी पत्करले असते. केसरबाईंनी ते पत्करले नाही. १९२१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व स्वीकारले आणि जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात केली. दहा-अकरा वर्षे ही कठोर तालीम चालली. खाँसाहेबांशी असलेला संबंध तर १९४६ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत टिकला.

१९३० नंतर केसरबाईंचे नाव देशभर झाले. संस्थानिकांचे दरबार, धनिकांच्या हवेल्या, मोठ्या संगीत परिषदा ही त्यांची क्षेत्रे. बिदागी भरघोस आणि अटी कडक. गाण्याचे मोल कमी होऊ द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. त्याला कोणी अहंकार म्हटले, कोणी स्वाभिमान. कलावंत समाजातून आलेल्या स्त्रीला प्रतिष्ठा कोणी आपण होऊन देत नव्हते, ती वसूलच करावी लागत होती, हे ध्यानात घेतले तर दुसरा शब्द अधिक खरा वाटतो.

याच काळात मुंबईत गाणे स्वस्त होत होते. १९०८ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रिकांचा कारखाना निघाल्यावर परदेशातून तबकड्या छापून आणण्याची गरज उरली नव्हती. ग्रामोफोन कंपनीने ‘ट्विन’सारखी कमी किमतीची मालिका बाजारात आणली. १९३५ च्या सुमारास मुंबईतच ‘यंग इंडिया’ हे स्वदेशी नाव पुढे आले. गिरगावच्या चाळीत एखाद्याच्या घरी ग्रामोफोन आला की सारा मजला दारात जमे. परळ-लालबागच्या गिरणी वस्तीत हॉटेलातल्या चहाच्या कपाबरोबर गाणे ऐकायला मिळू लागले. ज्याला मैफलीचे आमंत्रण येण्याची सुतराम शक्यता नव्हती, अशा माणसाच्या कानी आता बडा ख्याल पडत होता. बडा म्हणण्याइतका तो बडा उरला होता का, हा मात्र वादाचा मुद्दा होता.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. जाणत्यांचा आक्षेप होता तो यालाच. जो राग तास-तास उलगडायचा, त्याची तीन मिनिटांत बोळवण कशी करायची? मैफलीतले गाणे हे गाणे आणि तबकडीतले गाणे हा त्याचा नमुना, असे बुजुर्ग मानीत. मराठीत संगीतसमीक्षा तेव्हा नुकती आकार घेत होती. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांच्या गुणदोषांची चिकित्सा करू लागले होते. नव्या श्रोत्याला मात्र या वादाशी कर्तव्य नव्हते. त्याला एकच तबकडी शंभर वेळा ऐकता येत होती आणि शंभराव्या वेळी त्याचा कान पहिल्या वेळेपेक्षा तयार झालेला असे. हा लाभ मैफलीच्या श्रोत्यालाही मिळत नव्हता.

केसरबाईंनी तबकड्या दिल्या, पण मोजक्याच. ‘एचएमव्ही’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या दोन नावांनी निघालेल्या या ध्वनिमुद्रिकांची संख्या त्यांच्या कीर्तीच्या मानाने फारच थोडी आहे. आपले गाणे कसे सादर व्हावे याविषयी त्या कमालीच्या काटेकोर होत्या. मात्र जे मुद्रित झाले, ते ऐकताना जाणत्यांचा आक्षेप निम्माच खरा ठरतो.

याचे कारण जयपूर गायकीच्या घडणीत आहे. ही गायकी अतिविलंबित लयीत रेंगाळत नाही. मध्यलयीला जवळच्या ठाय लयीत बंदीश सुरू होते, आकारातली आलापी ठेक्याला बिलगून चालते आणि तानेची वीण सुरुवातीपासूनच दिसू लागते. त्यामुळे तीन मिनिटांत ती गुदमरत नाही, घट्ट होते. केसरबाईंच्या नटकामोद, ललिता गौरी, मारुबिहाग अशा मुद्रिकांत स्थायीचे तोंड लागताच राग उभा राहतो. दोन-चार आवर्तनांत बढत होते आणि मग तिन्ही सप्तकांत फिरणारी तान. एका श्वासात किती मावावे याला जणू मर्यादाच नाही. खुला, भरदार, कुठेही न चिमटलेला आकार हे तर त्यांचे खास वैभव. कमी पडतो तो विसावा. समेवर आल्यावर मैफलीत जे क्षणभर थांबणे असते, ते तबकडीत नाही. सुईच्या पुढे कोणाचे चालत नाही.

१९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण असे सन्मान पुढे आले. कलकत्त्याच्या रसिकांनी ‘सूरश्री’ ही पदवी दिली होतीच. आवाज उतरणीला लागण्याआधीच थांबायचे असे ठरवून १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गायन बंद केले. शिकविण्याच्या बाबतीतही त्यांचा हात आखडताच होता. धोंडूताई कुलकर्णी याच त्यांच्या एकमेव शिष्या मानल्या जातात. खाँसाहेबांकडून एवढ्या कष्टाने मिळवलेली विद्या त्यांनी सर्वांसाठी खुली केली असती, तर जयपूर गायकीचे पुढचे चित्र वेगळे दिसले असते, ही हळहळ आजही ऐकू येते. हळहळ रास्त आहे. पण बैठकीच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी ती करावी, हे थोडे विचित्र वाटते. बाईंना ते मोल शिकवले कोणी?

त्यांच्या निधनानंतर ऐंशीच्या दशकात कॅसेटची लाट आली. लाँगप्ले तबकडीपेक्षा किती तरी कमी पैशांत कॅसेट मिळू लागली आणि जुन्या ७८ फेऱ्यांच्या मुद्रिका एकत्र करून पुन्हा बाजारात आल्या. दादर-गिरगावच्या मध्यमवर्गीय घरांत केसरबाईंचा आवाज शिरला तो प्रामुख्याने या मार्गाने. आनंद झाला, तशा तक्रारीही झाल्या. अशा स्वस्त पुनर्मुद्रणांबाबत संग्राहकांचे आक्षेप ठरलेले असतात : खरखर घालविण्याच्या नादात आवाजाची झळाळीच पुसली जाते, तबकडीच्या फेऱ्यांचा वेग चुकला की पट्टी वर सरकते आणि आवाज पातळ होतो, साथीला तबला-सारंगी कोणाची, मुद्रण कोणत्या साली, याचा वेष्टनावर पत्ता नसतो. किंमत कमी म्हणून माहितीही कमी, हा हिशेब कोणत्याही जाणकाराला पटण्यासारखा नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने जुन्या मुद्रिकांची जपणूक आणि नोंद हे काम हाती घेतले, ते याच उणिवेपोटी.

खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणेही हळूहळू बाहेर आली. त्यांवरून रसिकांत दोन तट पडले. एका गटाला त्यांत खऱ्या केसरबाई भेटल्या. राग अर्धा तास फुलविणाऱ्या, समेची वाट पाहायला लावणाऱ्या. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, ही मुद्रणे उतारवयातली आहेत, ध्वनीचा दर्जा सामान्य आहे आणि ज्या बाई तबकडीचा एकेक सूर पारखून घेत, त्यांनी हे बाजारात येऊ दिले नसते. दोघांचेही खरे आहे. पण नव्या पिढीतील विद्यार्थी तान वहीत उतरवून घेतो ती याच मुद्रणांवरून, कारण दुसरी वाट त्याच्यासाठी ठेवलेलीच नव्हती.

केरी गावी आज त्यांच्या नावाने शाळा आहे आणि गोव्यात त्यांच्या स्मृत्यर्थ संगीत समारोह भरतो. मुंबईत, १९०८ च्या सुमारास एक सोळा वर्षांची मुलगी जिथे नशीब काढायला आली, तिथल्या चोर बाजारात जुन्या तबकड्यांचे ढीग उपसणारे हौशी लोक अजून भेटतात. ‘व्हॉयेजर-१’ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली, सहा वर्षांनी दुसरे यानही तिच्यापलीकडे गेले. दोन्हींवर तीच साडेतीन मिनिटांची भैरवी आहे.