पंडिता रमाबाई इंग्रजी कशा शिकल्या

शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई आपल्याला माहीत आहेत. पण त्या इंग्रजी कशा शिकल्या, ते फारसं कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मुलीला शिकवणं तेव्हा पाप समजत, तरी शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमेला. पुराण सांगत सगळी गावोगाव फिरत. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. वय अवघं वीस!

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी लग्न केलं आणि त्या आसामात सिलचरला गेल्या. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. एका पाद्रीसाहेबांनी बायबलातली जग निर्माण झाल्याची गोष्टही समजावून सांगितली. जन्मभर पुराणं सांगितलेल्या बाईंना ही गोष्ट अगदीच वेगळी वाटली आणि त्यांना गोडी लागली. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्याला आल्या. तिथे मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई त्यांना मराठीतून नवा करार शिकवायच्या आणि जोडीला इंग्रजीची पहिली पुस्तकं. इंग्रजी लिहिता-बोलता अजून येत नव्हतं. त्या वर्षी हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, तीही मराठीत. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. इंग्रजी वाचनापेक्षा करारातल्या गोष्टींत त्यांचं मन जास्त रमे. मला तर यात नवल वाटत नाही. चिऊकाऊची गोष्ट इंग्रजीत वाचली तर क्रो म्हणजे काय, ते आपल्याला कुठे विचारावं लागतं?

१८८३ साली त्या मुलीला घेऊन विलायतेला गेल्या, डॉक्टर व्हायला. पण त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते सोडावं लागलं. विचार करा, परकी भाषा आणि ऐकू येत नाही! तरी वाँटेजच्या मठात राहून त्या इंग्रजी शिकल्या. तिथे सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि इकडे पुण्यात मोठा गदारोळ उठला. मिशनऱ्यांनी भुलवलं, असं लोक म्हणत. पण त्या कोणाचं मुकाट्याने ऐकणाऱ्या नव्हत्या. मठातल्या भगिनींशीही त्या धर्मावरून पत्रांतून वाद घालायच्या, आणि तोही इंग्रजीत.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८७ साली त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघालं. साक्षीच्या वेळी इंग्रजी न बोलणाऱ्या बाईंनी पाच वर्षांत इंग्रजी ग्रंथ लिहिला! गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसे जमवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं. गोदूबाई तिथेच शिकल्या. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह झाला त्याच या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली आणि बायका केडगावला आणून जगवल्या.

जुनं मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना जड जाई. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथ सोप्या मराठीत आणू लागल्या. छपाई मुक्तीच्या छापखान्यात, खिळे जुळवायला तिथल्याच मुली. हे भाषांतर हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई वारल्या. मनोरमा त्यांच्या आधीच्याच वर्षी गेली होती.