साने गुरुजी आणि एका पानाची गोष्ट

पांडुरंग सदाशिव साने म्हणजेच साने गुरुजी. त्यांची चरित्रे पुष्कळांनी लिहिली आहेत. मला येथे त्यांच्या एकाच पैलूविषयी सांगावयाचे आहे. मी या महाविद्यालयात मराठी शिकवितो. वार्षिकांकासाठी लेखन मागितले, की बरेच विद्यार्थी म्हणतात, आमच्या घरी लिहिण्याजोगे काय घडते? त्यांनी गुरुजींचे आयुष्य या दृष्टीने पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या, तेव्हा अखेरची भेटही घडली नाही. ही रुखरुख जन्मभर त्यांच्यासोबत राहिली.

१९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांना उपदेश करण्याआधी ते स्वतः त्यांच्या खोल्या झाडीत. तेथेच त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित चालविले आणि पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले. शिक्षकाने आधी स्वतः लिहावे, हा धडा मला त्यांच्या या दैनिकात दिसतो.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी ऐकता ऐकता टिपून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि अवघ्या पाच दिवसांत त्यांतील बहुतेक लिहून काढल्या. पुस्तकात त्या बेचाळीस रात्रींच्या रूपाने आल्या आहेत.

या रात्रींत घडते तरी काय? आईच्या हातून भाजीत मीठ घालावयाचे राहते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही जेवतात. तिने कष्टाने रांधले आहे, तिला वाईट वाटू नये, एवढाच हेतू. शेवटी आई जेवावयास बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती हळहळते. गोष्ट एवढीच! पण त्या घरातले दारिद्र्य, माया आणि मर्यादा हे सारे तिच्यात आले आहे. एक प्रसंग घ्यावा, तो घडला तसा सांगावा आणि संपला की थांबावे, अशी ही रीत.

पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतरचे चित्र पाहून ते व्यथित होत गेले आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. मुलांना हसविणाऱ्या या माणसाचे दुःख भोवतालच्यांना पुरते उमगले नाही, याची खंत वाटते.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण घरातील पहिलेच पदवीधर होणार आहेत. तुमच्या आईने फीचे पैसे कसे उभे केले, हे कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. तुम्ही लिहिले नाही, तर ते तिच्याबरोबरच जाईल. वहीचे एक पान पुरे. घरात बोलता तीच भाषा असू द्या. अलंकार नसले तरी चालतील. मात्र जे घडले नाही ते घालू नका, आणि कुणाची लाज उघडी पडत असेल तर त्याला आधी विचारा.

माझ्या प्राध्यापकबंधूंनाही एक विनंती आहे. विद्यार्थ्यांचे पान तपासण्यापूर्वी आपण आपले एक पान लिहून वर्गात वाचून दाखवू या. पुढील अंकासाठी मी माझे पान देणार आहे. त्याच्या शेजारी तुमचेही असावे.